यामाहा एमजी१०एक्सयू मिक्सर: चार माईकचं भजन आणि दोन चतुर्थ्या

एसटीच्या डेपोत २८ वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालून निवृत्त झालो, तर गावच्या भजन मंडळाने दुसऱ्याच आठवड्यात घर गाठलं. "तुका लायटीतला कळता, तर माईकातला पण कळतला," असा त्यांचा हिशोब. मी नाही म्हटलं नाही. दुपारी जेवल्यावर करायचं काय, हा प्रश्न तसाही होताच.

आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यातलं, शिरोड्याच्या मिठागरांपासून स्कूटरने दहा मिनिटं. मंडळात बुवा धरून अकरा जण. पेटी बुवांकडेच, एक पखवाज, एक ढोलकी, एक चकी (झांजेच्या जातीतली), बाकीचे कोरसला. ढोलकीवाल्याबद्दल शेवटी सांगतो, तो वेगळाच विषय आहे.

मंडळाकडे आधी जुना मंडपवाला अॅम्प्लिफायर होता. माईकची चार भोकं, चार आवाजाची बटणं आणि सगळ्यांना मिळून एक बेस, एक ट्रेबल. खरी अडचण या शेवटच्या दोन बटणांची. पखवाजाचा धुमा, म्हणजे खर्जाची बाजू, भरीव यावा म्हणून बेस वाढवला की बुवांचा आवाज मडक्यात तोंड घालून गायल्यासारखा व्हायचा. बुवा मोकळे यावेत म्हणून ट्रेबल वाढवला की चकी कानात टोचायची. एका पातेल्यात सोलकढी आणि उसळ एकत्र केल्यासारखा प्रकार. प्रत्येक माईकला त्याचा त्याचा बेस-ट्रेबल हवा, एवढ्यासाठी आम्ही मिक्सर घेतला. वॉट वाढवण्यासाठी नाही. हे आधीच सांगतो, कारण "मिक्सर घेतल्यावर आवाज किती वाढला?" असं मला आजही विचारतात. नाही वाढला. वाढवायचा नव्हता.

घ्यायला कोल्हापूरला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माणूस बोलायला गोड होता आणि माल गळ्यात मारायलाही तितकाच तयार. त्याने आधी सोळा चॅनलचा, ब्लूटूथवाला, निळे-लाल दिवे लुकलुकणारा एक मिक्सर पुढे केला, तोही निम्म्या किमतीत. मी हेडफोन मागितला, कुठलाही माईक न लावता गेन पूर्ण वर केला आणि ऐकलं. आत पाऊस पडत होता. मग हाच प्रयोग यामाहावर केला. थोडी सळसळ तिथेही होती, नसते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण पाऊस आणि वारा यात फरक असतो. तिथल्या तिथे ठरलं. मंडळाच्या पेटीतले पैसे आणि वर चार चाकरमान्यांची वर्गणी, असं करून घेतला. पेटीवरून आठवलं: यामाहाची सुरुवातच पेटीच्या भावकीतून झाली आहे. तोराकुसू यामाहा नावाच्या गृहस्थाने १८८७ साली जपानमधल्या हामामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, मग स्वतःच बनवायला लागला. कंपनीच्या खुणेत तीन ट्यूनिंग फोर्क आहेत ते उगाच नाहीत. हे बुवांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्याच घराण्यातलो." त्यानंतर मिक्सरला हळदकुंकू लागलं.

डबा लहान आहे. वजन २.१ किलो, म्हणजे दोन नारळांएवढं. गणपतीत आम्ही घरोघर भजनाला जातो, एका रात्री तीन-तीन घरं, त्यामुळे स्कूटरच्या पायाशी पिशवीत मावतो हा मोठाच गुण. नावात दहा आहे म्हणून दहा माईक लागतील असं समजू नका. माईक चारच लागतात. बाकीच्या सहा म्हणजे तीन स्टिरिओ जोड्या, त्या कीबोर्ड, मोबाईल, लॅपटॉप असल्या लाइनच्या आवाजासाठी. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

आमची मांडणी अशी. एकवर बुवा, शुअरचा एसएम५८. हा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि बुवांनी तो आजवर दोनदा पाडलाय, जाळीला पोचा आला, आवाजाला काही नाही. दोनवर कोरस, सगळ्यांत मिळून एक माईक. तीनवर पेटी. चारवर पखवाज. मिक्सरवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने नावं लिहिली आहेत. "१, २, ३, ४" असं लिहू नका, भजन रंगात आल्यावर आकडे आठवत नाहीत, माणसं आठवतात.

आता गेन. लोक इथेच चुकतात आणि मग मिक्सरला शिव्या घालतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक माईकच्या रांगेत सगळ्यात वर गेनचं बटण आणि सगळ्यात खाली लेव्हलचं. दोन्हींनी आवाज वाढतो, म्हणून पहिल्यांदा वाटतं की एकच गोष्ट दोनदा दिली आहे. तसं नाही. घरात पाणी येतं तसं समजा. गेन म्हणजे विहिरीवरचा पंप, लेव्हल म्हणजे मोरीतला नळ. पंपच कमी चालवला तर नळ पूर्ण उघडूनही धार बारीक, आणि वर सळसळ. पंप जास्त चालवला तर टाकी भरून वाहणार, मग नळ कितीही बारीक करा, बाहेर सांडलेलं आत येत नाही. फाटलेला आवाज खाली बारीक केला तरी फाटलेलाच राहतो.

मी करतो ते असं. आधी बॉक्स, म्हणजे स्पीकर, बंदच. लेव्हलची बटणं त्यांच्या खुणेवर. गेन शून्यावर. बुवांना सांगायचं, गजर म्हणा. इथे एक खुबी आहे. बुवांना नुसतं "आवाज द्या" म्हटलं तर ते "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" असं पोस्टमनसारखं बोलतात, आणि भजन सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला त्याच्या चौपट आवाजात वर जातात. म्हणून शेवटचा गजरच म्हणायला लावायचा, टाळ-पखवाजासकट. म्हणत असताना गेन हळूहळू वर न्यायचा. एका ठिकाणी पीकचा लाल दिवा चमकायला लागतो. आवाज फाटण्याच्या तीन डेसिबल अलीकडेच हा दिवा लागतो, म्हणजे तो धोक्याची सूचना आहे, अपघात नाही. सगळ्यात वरच्या सुराला एखादवेळा लुकलुकला तर ठीक. सारखा पेटत असेल तर गेन मागे. झालं. त्यानंतर रात्रभर गेनला हात नाही, काय कमी-जास्त करायचं ते खालून.

पखवाजाला वेगळं औषध. आमचा पोरगा थाप मारतो ती देवळाच्या कौलांना ऐकू जाते. माईक जवळ ठेवला तर गेन पूर्ण खाली करूनही दिवा लाल. त्यासाठी पॅड नावाचं छोटं बटण आहे, ते दाबलं की येणारा आवाज २६ डेसिबलने दबतो. पहिले दोन महिने हे बटण कशासाठी आहे हे न बघता मी माईकच्या तोंडाला रुमाल बांधत होतो. पुस्तिका सोबत दिलेली असते, वाचावी.

त्याच्याशेजारी एचपीएफ म्हणून बटण, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतं. बुवा, कोरस आणि पेटी या तिघांना ते कायम दाबलेलं. माणसाच्या गळ्यात त्याखाली काही नसतं, पण माईकमध्ये पुष्कळ काही येतं: पंख्याचा वारा, जमिनीवर पाय आपटल्याची धडधड, कोणी स्टँडला गुडघा लावला तर त्याचा धक्का. पखवाजाला मात्र ते दाबायचं नाही, कारण धुम्याला एवढी कणीक लावून जो खर्ज मिळवलाय तो आपणच कापून टाकायचा का? हे बटण दाबायच्या आधी आणि नंतर बॉक्सजवळ उभे राहून ऐका. आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही, खोलीतली गर्दी कमी झाल्यासारखी वाटते.

बेस, मिड, ट्रेबल प्रत्येक माईकला वेगळे. मिडचं बटण २.५ किलोहर्ट्झवर बसवलेलं आहे, ते सरकवता येत नाही. पेटीची किरकिर आणि माईकची शिट्टी बऱ्याचदा याच भागात सापडते, म्हणून पेटीला मी मिड थोडा मागे ठेवतो. पेटीचा माईक भात्यासमोर धरू नका, फूफू येतं. पट्ट्यांच्या वर वीतभर उंचीवर, थोडा तिरका.

एक आणि दोन या माईकना कॉम्प्रेसर आहे, तोही एकाच बटणाचा. बुवा कधी माईक गिळायला निघतात, कधी पेटीवर वाकून दोन हात लांब जातात. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि एकंदर सगळं वर उचलतो, त्यामुळे त्यांची ही ये-जा लोकांना कळत नाही. पण "वर उचलतो" हे लक्षात ठेवा. बटण जास्त फिरवलं की बुवा गप्प असतानाही माईक जागा राहतो, बाजूच्या घरातला कुकरसुद्धा ऐकतो, आणि मग शिट्टी. मी पाव फेरा फिरवतो, कोरसला त्याहून कमी.

शिट्टीवर बटणांचा उपाय नंतर, आधी जागेचा. बॉक्स माईकच्या पुढे हवेत, मागे नाहीत. एसएम५८ची पाठ बहिरी असते, तिथून येणारा आवाज तो घेत नाही, म्हणून बॉक्सकडे माईकची पाठ करायची. गणपतीच्या घरात हे सांगणं सोपं, करणं कठीण. माजघरात गणपती, समोर बुवा, बाजूला बायका, दारात म्हातारे, आणि बॉक्स ठेवायला यजमान जी जागा दाखवतो ती नेमकी बुवांच्या डोक्यामागची.

आता फजिती. मागल्या चतुर्थीला एका मोठ्या घरी भजन होतं. एक बॉक्स माजघरात बायकांकडे, दुसरा बाहेर खळ्यात पुरुषांकडे. मी पडवीत मिक्सर घेऊन. पहिल्या अभंगानंतर आतून एक वयस्कर काकी आल्या, "आज बुवांनी पेटी हाडूक नाय काय?" मी पेटीचा लेव्हल वाढवला. दुसऱ्या अभंगाला खळ्यातून एकजण हात जोडून आला, "पेटी जरा कमी करा हो, कान गेले." मी कमी केला. आतून परत काकी. असं तीनदा झालं. २८ वर्षं बसचे फॉल्ट शोधणारा माणूस तिथे घामाने डबडबला. शेवटी हेडफोन कानाला लावला तर पेटी फक्त एका कानात! तीन नंबरचा पॅन पूर्ण एका बाजूला वळलेला होता. यजमानांचा नातू संध्याकाळी "आजोबा, हे काय, ते काय" करत बटणं फिरवून गेला होता, आणि मी चहा-करंज्यांत गुंतलो होतो. सगळी पेटी खळ्यात, माजघरात शून्य.

पॅन हे बटण आवाज डाव्या-उजव्या बॉक्समध्ये वाटतं. गाणी ऐकायला घरी बसलात तर मजा येते, पण जिथे एक बॉक्स एका खोलीत आणि दुसरा अंगणात आहे तिथे पॅनचं कामच नाही. त्या रात्रीपासून चारही पॅन मध्यावर आणून त्यांच्यावर आडवी चिकटपट्टी मारली आहे. अजून काढलेली नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि यात मी बोलणार, कारण हा माझा धंदा होता. देवळात पहिल्यांदा मिक्सर लावला तेव्हा बॉक्समधून सतत "घुंऽऽ" येत होतं. सगळ्यांनी मिक्सरला दोष दिला. मी मीटर लावला: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३८ व्होल्ट. अर्थची तार शोधत गेलो तर ती सभामंडपाच्या मागे चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेल्या एका खिळ्याला गुंडाळलेली. जांभा दगड उन्हाळ्यात हाडासारखा कोरडा, त्यात खिळा ठोकून अर्थिंग होत असतं तर मग काय हवं होतं! देवस्थानच्या लोकांना सांगून खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून पाइप पुरला, आणि मे महिन्यात त्यात रोज कळशीभर पाणी घालायची जबाबदारी पुजाऱ्यांवर टाकली. घुं गेलं. त्याआधी एका साउंडवाल्याने फुकटचा सल्ला दिला होता की प्लगची अर्थची पिन कापून टाका, आवाज लगेच जातो. जातो, खरंय. आणि पावसाळ्यात ओल्या पायाने उभा राहिलेला बुवा माईकला ओठ लावतो तेव्हा चटका बसतो, तोही त्याच कापलेल्या पिनमुळे. ही पिन कधीही कापू नका. मी स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन फिरतो, त्यात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, बसवलेला आहे. मंडळाच्या खर्चात सगळ्यात आधी तो धरा, इको नंतर.

लॅपटॉप जोडल्यावर घुं आलं तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. दहातल्या आठ वेळा तिथेच संपतं.

इकोचं. आत २४ इफेक्ट आहेत. हॉल, रूम, प्लेट असे रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या जागेत आवाज घुमल्यासारखे, व्होकल इको, चक्क कराओके इको, आणि रेडिओतून बोलल्यासारखा आवाज करणारा एक प्रकार. बुवांना सुरुवातीला कराओके इको फार आवडला. आमच्याकडे इको म्हणजे साउंडचा दर्जा, असं एक खूळ आहे. किती वेळा "विठ्ठल" म्हटलं की किती वेळा "विठ्ठल" ऐकू यायला हवं यावर मंडळात बैठक झाली. मी म्हटलं, द्रुत लयीत मागच्या मात्रेचा आवाज पुढच्या मात्रेवर येऊन पडतो, पखवाजवाल्याला समेची जागा धड ऐकू येत नाही. पखवाजवाल्याने मान डोलावली, तेव्हा कुठे बुवा ऐकले. आता हॉल रिव्हर्ब, तोही असा ठेवतो की चालू असताना कळत नाही, बंद केला की कळतं. मधे निवेदन, आभार, "चप्पल आपापल्या जबाबदारीवर" असं काही सांगायचं असलं की इफेक्ट बंद करायला पायाचं बटण जोडायची सोय आहे, ते वेगळं विकत घ्यावं लागतं. घ्या. इकोमध्ये आभार मानणं मला सहन होत नाही.

रात्री दहाला आम्ही बॉक्स बंद करतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमात तसंच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा. भजन थांबत नाही, माईकशिवाय चालू राहतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी मिक्सर सोडून पुढे जाऊन बसतो आणि नीट ऐकतो: पेटी किती, पखवाज किती, बुवा त्यांच्यावर किती. दुसऱ्या घरी लावताना तोच हिशोब डोक्यात ठेवतो. या मिक्सरवर ते जमतं, जुन्या डब्यावर जमत नव्हतं.

आता काय नाही ते. सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फेडर, यात नाहीत, सगळी गोल बटणं. एका नजरेत कोण किती वर आहे ते दिसत नाही, अंधाऱ्या पडवीत तर नाहीच. बटणांच्या टोकाला मी नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत, सुनेच्या बाटलीतून, विचारून. दोन्ही हातांनी दोन माणसं एकदम वर-खाली करायची सवय असेल त्यांना हे गोल बटण खटकेल.

सेंड, म्हणजे माईकचा आवाज वेगळ्या प्रमाणात दुसरीकडे पाठवायची वाट, एकच आहे आणि तो इफेक्टलाच वापरला जातो. त्यामुळे बुवांना समोर छोटा बॉक्स ठेवून "फक्त माझा आवाज आणि पेटी" असं वेगळं मिश्रण देता येत नाही. मॉनिटरचा आऊट आहे, पण त्यातून जे लोकांना तेच बुवांना. "माका माझोच आवाज ऐकाक येणा नाय," ही तक्रार पहिल्या वर्षी रोज होती. मग बुवांना कोरसपासून हातभर लांब बसवलं, तक्रार निम्म्यावर आली. उरलेली निम्मी सवयीची आहे.

फँटम पॉवरचं, म्हणजे कंडेन्सर माईकना लागणाऱ्या ४८ व्होल्टचं, बटण सगळ्या माईकना मिळून एकच. आमचे सगळे माईक डायनॅमिक, त्यांना ते लागत नाही, चुकून दाबलं गेलं तरी केबल धड असेल तर बिघडत नाही. पण बॉक्स चालू असताना ते दाबलं तर धाडकन जो आवाज होतो त्याने म्हातारी माणसं उठून उभी राहतात. तसंच चालू-बंद करण्याचा क्रम: चालू करताना मिक्सर आधी, बॉक्स शेवटी. बंद करताना उलटं. हा क्रम मी मंडळातल्या पोरांकडून आरतीसारखा पाठ करून घेतलाय.

अडॅप्टर बाहेरचा, आणि तो साधा नाही. माझ्याजवळचा ३५ व्होल्ट एसी देतो, मधून टॅप काढलेला, तीन पिनांचा. आतल्या सर्किटला अधिक-उणे दोन्ही बाजू लागतात म्हणून तसं. इलेक्ट्रिशियन म्हणून मला ते आवडलं, वापरणारा म्हणून नाही. लाइट गेली आणि गाडीच्या बॅटरीवर चालवू म्हटलं तर चालत नाही, इन्व्हर्टरच लागतो. आणि कुठल्याही मोबाईलच्या दुकानात दुसरा मिळत नाही. तो विसरलात तर भजन बिनमाईकचं. मी त्याला पिशवीच्या बंदालाच बांधून ठेवतो.

खारा वारा. १९३० साली शिरोड्याला लोकांनी मीठ उचलून सत्याग्रह केला, आम्ही ते आता केबलच्या पिनांवरून उचलतो. पावसाळ्यात महिनाभर मिक्सर नुसता ठेवला तर बटणं फिरवताना खरखर येते आणि माईकच्या केबलच्या पिना हिरवट होतात. मिक्सर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आठवड्यातून एकदा काढून अर्धा तास चालू. सगळी बटणं दहा वेळा इकडून तिकडे. पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर, खोबरेल नाही. (खोबरेल लावणारा माणूस आमच्या मंडळात आहे.) दोन पावसाळे काढले, खरखर अजून ऐकू आलेली नाही.

यूएसबीने लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंगही होतं. मुंबईचे चाकरमानी भजन मागतात, त्यांना पाठवतो. पण लॅपटॉपमध्ये सगळं मिसळून एकच स्टिरिओ आवाज जातो, चार माईक वेगवेगळे नाही, म्हणजे नंतर दुरुस्ती नाही. आणि देवळात पखवाज मुळातच एवढा ऐकू येतो की मिक्सरवर तो मी जेमतेम ठेवतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पखवाज शेजारच्या वाडीत वाजल्यासारखा येतो. डोंबिवलीहून फोन येतो, "पखवाजवालो आजारी होतो काय?"

घ्यावा का? चार माईकचं भजन, कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, ग्रामपंचायतीची सभा, यांना डोळे मिटून घ्या. डबलबारीवाल्यांनी (दोन बुवांचा भजनाचा सामना) विचारलं होतं, त्यांना मी नको म्हणून सांगितलं. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, दोन कोरस. आठ माईक तिथेच झाले आणि दोन्ही बुवांना आपापला मॉनिटर हवा. त्यांनी फेडरवाला, दोन-तीन सेंडवाला मोठा घ्यावा. दशावतारालाही हा अपुरा, तिथे रंगमंचावर माणसं हलतात आणि राजा राक्षसाच्या माईकमध्ये बोलतो.

राहिला ढोलकीवाला. माईकची जागा पाचवी नाही, म्हणून ढोलकीला माईक नाही. तशी गरजही नाही, त्याची ढोलकी खालच्या वाडीत ऐकू येते. पण पखवाजाला आहे आणि आपल्याला नाही, हे त्याच्या मनाला लागलं. रोज विचारायचा, "माझ्या ढोलकेक माईक कधी?" गेल्या चतुर्थीला तिसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर एक स्टँड ठेवला, त्यावर जुन्या सेटमधला बंद पडलेला माईक लावला आणि त्याची केबल सतरंजीखालून मिक्सरच्या पिशवीत नेऊन सोडली. भजन संपल्यावर तो घाम पुसत आला आणि म्हणाला, "बघ, आता कसा भरान येता!" केबलचं दुसरं टोक अजून पिशवीतच आहे. तो हे वाचत नाही, तुम्ही कोणी ओळखीचे असाल तर सांगू नका.